अंगठ्याचा पैलवान

तिसरा डाव संपला, हलगी थांबली, आणि बलभीम वस्तादांना नातवाची डावी पापणी फडफडताना दिसली.

यात्रेचा फड गच्च भरला होता. गव्हाळीच्या माळावर, कुस्तीच्या हौदात, लाल मातीवर सतरंजी अंथरून दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. एका खुर्चीत वस्तादांचा नातू श्रीनाथ, वय सोळा. दुसऱ्या खुर्चीत मुरुमहून आणलेला श्रीशैल, तोही तेवढाच. दोघांच्या हातात मोबाईल, दोघांच्या कानांत बोंडं, आणि मागं लग्नात लावतात तसला भला मोठा पडदा. पडद्यावर दोन शिपाई पडक्या घरांमधून एकमेकांना हुडकत, दिसला की गोळ्या घालत. असे सात डाव. चार जिंकेल त्याला चांदीची गदा. श्रीनाथचे दोन झाले होते, श्रीशैलचा एक.

चार हजार माणूस जमलंय, असं निवेदक ओरडून सांगत होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नि बाभळीवर चढलेलं माणूस दोनदा मोजलं तरी अडीच हजाराच्या वर जात नव्हतं. पण जे होतं ते सगळं पडद्याकडं बघत होतं. पोरांच्या तोंडाकडं कोण बघतंय? एकटे वस्ताद बघत होते. कारण ती पापणी त्यांनी तीन दिवसांपूर्वी एकदा बघितली होती, आणि तिच्या मागोमाग काय येतं तेही बघितलं होतं.

बलभीम वस्ताद म्हणजे साधा माणूस नव्हे. त्यांचे कान कुस्तीत चुरगळून असे मिटले होते की पावसाचं पाणी आत शिरत नसे आणि माणसाचं बोलणंही फारसं शिरत नसे. तरुणपणी जळकोटच्या फडात त्यांनी एका मल्लाला असा आपटला, की लोक घरी जाऊन भाकरी खाऊन परत आले तरी धुरळा बसलेला नव्हता, आणि खाली कोण नि वर कोण याचा निकाल दुसऱ्या दिवशी लागला. अशा माणसाच्या घरात श्रीनाथ जन्मला तो काडीसारखा. आठव्या वर्षी आजोबांनी त्याला हौदात उतरवला, तर मातीच्या वासानं पोराला शिंका आल्या, एकशे अकरा, सलग. बाराव्या शिंकेला तालमीतली पोरं हसली, पन्नासाव्याला पारावरची म्हातारी हसली, आणि एकशे अकरावी ऐकून वस्तादांनी पाठ फिरवली. ती पुढं सहा वर्षं वळली नाही.

"वस्तादाच्या दावणीला शेळी," लोक म्हणायचे. पोराच्या तोंडावर म्हणायचे.

मग शाळा बंद पडायचं ते साल आलं आणि घरोघरी शिकायच्या नावानं मोबाईल आले. गुरुजी त्या एवढ्याशा काचेत पेंगायचे, पोरांनी तिथंच शेजारी हा खेळ हुडकला. त्या खेळात दम लागत नव्हता, माती नाकात जात नव्हती. श्रीनाथचा अंगठा चालायला लागला. गावातली धिप्पाड पोरं त्याच्या हातून पटापट मरायला लागली. मेली की म्हणायची, "काय मारलंस रं, पैलवान!" सोळा पिढ्यांच्या पैलवानकीच्या घरात जन्मून त्याला ही हाक पहिल्यांदा ऐकू आली ती बसथांब्याच्या कट्ट्यावर.

पुढं तालुक्याला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त या खेळाच्या स्पर्धा झाल्या. श्रीनाथनं करंडक आणला. गावानं वाजतगाजत आणला. यात्रा कमिटीचा अध्यक्ष रामहरी गुलालानं माखून वस्तादांच्या दारात आला. "वस्ताद, तुमच्या घरात पैलवान निपजला की हो! आन् तुमी तोंड फिरवून बसलाव!"

त्या दिवशी वस्तादांनी नातवाच्या पाठीवर पहिल्यांदा हात ठेवला. पोरगं चौदा वर्षांचं होतं.

इथवर झालं ते कुठल्याही गावात झालं असतं. पुढचं मात्र बलभीम वस्तादच करू जाणोत. त्यांना माणूस घडवायची एकच रीत येत होती, ती त्यांनी या खेळाला लावली. बंद पडलेली तालीम झाडून घेतली आणि पोराला आत घेतलं. पहाटे बदामाची थंडाई. मग अंगठ्यांना तिळाच्या तेलाची मालीश. मग अंगठ्यांचे जोर, गव्हाच्या पोत्यात रुतवून, पाचशे उजव्याचे, पाचशे डाव्याचे. अंगठा असा तयार झाला की कळंबला मामाच्या दारावरची घंटी त्यानं एकदा दाबली, ती तीन दिवस वाजत होती. आधी चार तास सराव, मग आठ, मग बारा. पेंग आली की डोळ्यांवर पाणी. पैलवानानं लग्नाकार्यात जायचं नाही, पोरांत उठायबसायचं नाही. म्हणून दोस्त तोडले. अकरावीला नाव कॉलेजात होतं आणि अंग तालमीत. गावातल्या आया आपापल्या पोरांच्या हातातला मोबाईल हिसकून घ्यायच्या आणि वर म्हणायच्या, "त्या श्रीनाथवानी खेळत असतास तर गोष्ट येगळी."

आणि मग तीन दिवसांपूर्वी, भर दुपारी, सरावाच्या नवव्या तासाला पोराची डावी पापणी फडफडली. अंगठा लाकडासारखा ताठ झाला. मग मान, मग अख्खं अंग. तोंडाला फेस आला. वस्तादांनी कांदा फोडून नाकाशी धरला, देवीचा अंगारा लावला. थोरली नात वैष्णवी धाराशिवला नर्सिंगला शिकते, ती यात्रेसाठी घरी आली होती. तिनं त्याला गाडीत घालून कळंबला नेलं. तिथल्या डॉक्टरनं वस्तादांना समोर बसवलं.

"झोप न्हाई त्याला. किती दिवसाची न्हाई, ते तुमालाच ठावं. आठ दिवस मोबाईल डोळ्यांपुढं आणायचा न्हाई. लातूरला नेऊन डोक्याची तपासणी करायची. परत झटका आला आन् लांबला, तर म्या काय सांगू शकत न्हाई."

"यात्रा झाल्यावर नेतो की," वस्ताद म्हणाले.

"आजोबा, तुमी ऐकलाव का म्या काय म्हनलो ते?"

ते कानच तसले. घरी येऊन त्यांनी वैष्णवीला येडाई देवीची शपथ घातली: यात्रेपर्यंत कुणाला बोलायचं नाही. येरमाळ्यापासून कळंबपर्यंत फ्लेक्स लागले होते. त्यांवर श्रीनाथ हाताची घडी घालून उभा होता आणि त्याच्या मागं, ढगात, आभाळाएवढे वस्ताद. वैष्णवीनं शपथ घेतली. पण घेताना तिनं आजोबांकडं बघितलं, आणि ते बघणं काही त्यांच्या अंगाखांद्यावरून झटकलं जाईना.

तर तिसरा डाव संपला होता. वस्ताद हौदात उतरले आणि नातवाच्या खुर्चीशी वाकले.

"डोळा का उडायलाय?"

"कुठं काय, आबा. घाम गेलाय डोळ्यात."

"थांबायचं का?"

श्रीनाथनं काचेवरची नजर काढली नाही. "दोन डाव मारायचे र्‍हायलेत फकस्त. आता थांबलो तर लोक काय म्हणतील, तुमाला ठावं न्हाय का?" आणि मग हळूच, "पाणी मारा की डोळ्यावर. तालमीत मारताव तसं."

वस्तादांनी पाणी मारलं. आपल्या हातांनी मारलं, आणि परत कट्ट्याबाहेर येऊन उभे राहिले.

हलगी कडाडली. चौथा डाव.

मुरुमच्या पोराचा मामा बंडप्पा हौदाच्या पलीकडं उभा होता. अडत दुकानाचा मालक, पोट असं की त्याच्या सावलीत दोन बैल बांधावेत. भाच्यामागं उभा राहून तो ओठातल्या ओठात पुटपुटत होता. त्याच्या भाच्यानं चौथा डाव घेतला, पाचवाही घेतला. तीन-दोन. मुरुमहून आलेल्या दोन जीपांनी भोंगे वाजवले.

"याक्री वस्ताद?" बंडप्पानं कानडी हेल काढत मिशीवर हात फिरवला. "का ओ, तुमच्या पैलवानाचा अंगठा पेंगतोय काय?"

"तोंडानं खेळू नकु, बंडप्पा," वस्ताद म्हणाले. पण त्यांचं चित्त तिकडं नव्हतं. पापणी आता थांबून थांबून उडत नव्हती. एकसारखी उडत होती.

तेवढ्यात फडाच्या एका कडेला गलका झाला. गव्हाळीच्या फडात बाई माणूस कधी आलेलं नव्हतं. कुणी मनाई लिहून ठेवली नव्हती, पण आलं नव्हतं. आणि वैष्णवी चालत येत होती, ओढणी कमरेला खोचून, माणसांच्या रांगा फाडत. लोक तिला अडवायचं विसरून बाजूला सरकत होते. ती हौदाच्या कट्ट्याशी येऊन थांबली.

"आबा, उठवा त्याला."

"वैष्णवे, घरी जा. फड हाय हा."

"फड हाय म्हनून आलेय. उठवताव का म्या येऊ आत?"

"सहावा डाव हाय. एकच मिनिट."

"तुमचं एक मिनिट मला चांगलं ठावं हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळं त्या चुरगळलेल्या कानांत तो सरळ गेला. "तीन दिवस म्या शपथ पाळली. येडाई माझं काय करायचं ते करू दे. तुमी न्हाई बोललाव तर म्या माईकवर जाऊन बोलते."

रामहरी धावत आला. "वस्ताद, काय लावलंय हे? घरचं भांडण घरी! पोरगी हौदात उतरली तर बेज्जती व्हईल गावाची."

आणि अडीच हजार माणूस एकदम ओरडलं. श्रीनाथनं सहावा डाव मारला होता. तीन-तीन. टोप्या उडाल्या. बाभळीवरून एक माणूस खाली पडला आणि पडता पडता टाळ्या वाजवत होता, असं बघणारे अजून सांगतात. निवेदकाचा गळा फाटला: "निकाली डाव! गव्हाळीकरांनो, निकाली डाव! जय बजरंग!"

हौदात मात्र श्रीनाथ हसला नाही. त्यानं उजवा अंगठा मोबाईलवरून उचलायचा प्रयत्न केला आणि तो उचलला गेला नाही. डाव्या हातानं त्यानं तो सोडवला, मांडीवर चोळला, परत काचेवर ठेवला. सगळं गुपचूप, चोरी केल्यासारखं. वस्तादांनी ते बघितलं. अंगठा लाकडासारखा. मग मान. मग अख्खं अंग.

सातवा डाव सुरू झाला.

आता वस्तादांच्या पुढं दोनच वाटा होत्या. डाव मधे सोडणारा हरला, हा नियम होता. पोराला ओढून काढावं तर गव्हाळी हरली, मुरुमच्या जीपा भोंगे वाजवत येरमाळ्यावरून जाणार, आणि श्रीनाथ जन्मभर आजोबांच्या तोंडाकडं बघणार नाही. थांबावं तर हा डाव अडीच मिनिटांत संपतो. अडीच मिनिटंच. तीन दिवसांपूर्वी तालमीत त्या फडफडणाऱ्या पापणीपासून फेसापर्यंत किती वेळ गेला होता? वस्तादांनी आठवायचा प्रयत्न केला. त्यांना आठवेना. पापणी दिसल्यावर ते नातवाकडं बघत राहिले नव्हते, परत मोबाईलवरचे गुण बघायला लागले होते.

पडद्यावर दोन्ही शिपाई एका विहिरीच्या दोन बाजूंना दबून बसले. फडातली माणसं टाचा उंचावून बघत होती. हलगीवाल्यानं कातड्यावर नुसती बोटं ठेवली होती.

कुस्तीच्या फडात एक जुनी रीत आहे. दोन मल्ल झुंजत राहिले, कुणी कुणाला चीत करेना आणि पुढं काहीतरी मोडणार असं दिसलं, की जाणता माणूस हौदात उतरतो आणि दोघांचे हात धरून वर करतो. कुस्ती बरोबरीत सुटली. हात एकदा वर गेले की ती जोड परत लावायची नाही, आणि कुणी हरला म्हणायचं नाही. ही रीत माणसांच्या कुस्तीची. मोबाईलच्या कुस्तीत असं काही नसतं. पण हौद कुस्तीचा होता, माती कुस्तीची होती, आणि गव्हाळीच्या फडात तीस वर्षं जोडी सोडवणारा माणूस एकच होता.

बलभीम वस्ताद हौदात उतरले. चालत नाही गेले. त्या गुडघ्यांनी वीस वर्षांत धाव घेतली नव्हती, ती घेतली. एका हातानं श्रीनाथचं मनगट धरलं, दुसऱ्यानं श्रीशैलचं, आणि दोन्ही हात वर केले. दोन मोबाईल लाल मातीत पडले.

"सुटली!" वस्ताद ओरडले. "कुस्ती बरोबरीत सुटली!"

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग सगळ्यांनाच कळलं.

"फसवणूक हाय ही!" बंडप्पा कट्टा ओलांडून आत आला. "आमचा पोरगा मारणार हुता!"

"वस्ताद, काय केलाव हे!" रामहरीनं डोक्याला हात लावला.

पण वस्तादांना पुढचं ऐकायला वेळ मिळाला नाही, कारण श्रीनाथ त्यांच्यावर चालून आला होता.

"माझा मोबाईल! सोडा! सोडा म्हनतो ना!"

ज्या पोरानं कधी कुणाची कंबर धरली नाही, त्यानं आजोबांची कंबर धरली. डोळे पांढरे, दात आवळलेले. वस्तादांचा म्हातारा तोल गेला, सावरला. मातीवर आजा आणि नातू भिडले, आणि त्या सबंध फडातली पहिली खरी कुस्ती तिथं लागली. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. कुणीतरी शिट्टी मारली. हलगीवाल्यानं सवयीनं हलगी धरली.

"तुमीच म्हनलाव खेळ!" पोरगं छातीवर डोकं आपटत होतं. "तुमीच! मला काय येतंय दुसरं? सांगा की! काय येतंय?"

वस्तादांनी त्याला मिठीत आवळलं. आणि मिठीतच त्यांना तो कंप कळला. रागाचा नव्हे. पाठीच्या कण्यातून वर चढणारा, तारेसारखा. पोराचं बोलणं मधेच तुटलं. मान मागं गेली.

"झटका आलाय!" वैष्णवी हौदात उडी टाकून धावली. "आबा, खाली घ्या! कुशीवर! कुशीवर घ्या त्याला!"

पन्नास वर्षं त्या हातांना एकच ठाऊक होतं, माणूस पाठीवर पाडायचा. आणि भोवती अर्धा फड ओरडत होता, "चीत करा वस्ताद, चीत!" ते नातवाला घेऊन खाली बसले. थरथरतं अंग पाठीकडं जायला बघत होतं. त्यांनी खांद्याखाली हात घातला, गुडघा टेकवला आणि त्याला कुशीवर धरला. आयुष्यातली सगळी ताकद त्यात गेली. वैष्णवीनं ओढणीची घडी डोक्याखाली सारली.

"तोंडात काय घालू नका. कांदा नकु, चमचा नकु. नुसतं धरा. घट्ट न्हाय, आबा, नुसतं."

ती मनगटावरच्या घड्याळात बघत होती. एक मिनिट. हलगी बंद पडली. दीड. बाभळीवरची माणसं खाली उतरली. दोन. पोराच्या तोंडातून फेस मातीत ओघळला. अडीच. वस्तादांच्या ओठांवर देवीचं नाव येत होतं आणि अर्ध्यात विरत होतं. तीन मिनिटांना जरा कमी असताना श्रीनाथचं अंग सैल पडलं, आणि त्यानं श्वास घेतला. असा मोठा, घोरल्यासारखा, की समोरच्या रांगेतल्या लोकांनीही आपापला श्वास सोडला.

रामहरीनं माईक हिसकून घेतला. "मंडळी, घाबरू नका. उन्हानं जरा चक्कर आलीय आपल्या पैलवानाला—"

"ऊन न्हाय," वस्ताद म्हणाले.

ते मोठ्यानं बोलले नव्हते, पण रामहरीच्या हातातला माईक जवळ होता.

"ऊन न्हाय ते. तीन दिसापूर्वी बी आलता. डाक्टरनं सांगितलं हुतं खेळवू नका. म्या खेळवला. म्याच लपवलं."

फडाला काय करावं कळेना. शिव्या द्यायला आलेले लोक शिव्या गिळून उभे राहिले. दोनचार बापांनी, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, शेजारी उभ्या असलेल्या आपल्या पोराच्या तोंडाकडं बघितलं. बघायची सवय नव्हती, त्यामुळं पोरं दचकली.

जीप हौदापर्यंत आणली. चौघांनी श्रीनाथला उचलून मागच्या बाकावर आडवं केलं. वस्ताद चढायला लागले तेव्हा बंडप्पा आडवा आला. वस्तादांना वाटलं आता हा गदेवर भांडणार. भाचा त्याच्या मागं उभा होता, दोन्ही मोबाईल मातीतून उचलून, पुसत, रिकाम्या डोळ्यांनी.

"वस्ताद," बंडप्पा खालच्या आवाजात म्हणाला, "आमचा बी झोपंना ओ. चार महिने झाले. गोळ्या मारतोय म्हून झोपेत बी हात हालवतोय. म्या म्हटलं, गदा आली की थांबवावं." त्यानं घसा खाकरला. "कुठला डॉक्टर तो?"

वस्तादांना नाव सांगता येईना. ऐकलंच नव्हतं.

"बसा मागं," वैष्णवी आतून म्हणाली. "दाखवते. दोगं बी बसा."

मुरुमची मामा-भाच्याची जोडी गव्हाळीच्या जीपमध्ये चढली. जीप मागून अशी दबली की पुढची चाकं बांधापर्यंत अधांतरीच होती म्हणतात. गदा कुठं राहिली कुणी विचारलं नाही.

कळंबच्या वाटेवर श्रीनाथनं डोळे उघडले. त्याला आधी जीपचा टप दिसला, मग बहीण, मग आजोबा. त्याचा अंगठा मांडीवर मोबाईल चाचपायला लागला.

"कोन जिंकलं?"

"कुनी न्हाय. सोडवली."

"तुमी?"

"व्हय. म्या."

त्यानं तोंड फिरवलं. जीप खड्ड्यातून गेली, सगळे हिंदकळले. बंडप्पा 'अय्यो' म्हणाला. मग भिंतीकडं तोंड करून बोलावं तसं श्रीनाथ बोलला.

"आबा, उद्यापास्नं म्या काय करायचं?"

बलभीम वस्तादांनी आयुष्यात शेकडो पोरांना सांगितलं होतं काय करायचं. कितीला उठायचं, काय खायचं, कुठल्या पायावर वजन टाकायचं. आता ते नातवाच्या पाठीकडं बघत बसले. समोरच्या बाकावरचा श्रीशैलही त्यांच्याकडंच बघत होता, उत्तर आपल्यालाही लागणार आहे अशा नजरेनं.

"मला न्हाय ठावं," वस्ताद म्हणाले. "आधी झोप."

आणि पोरगं झोपलं.